ती वाचली, पण वाचल्यासारखी वागत नाही

पत्र (थोडं कमी करून):

‘माझी बायको ५१ वर्षांची. आम्ही तासगाव तालुक्यात राहतो, चार एकर द्राक्षबाग आहे. पाच महिन्यांपूर्वी तिला हार्ट अ‍ॅटॅक आला. पहाटे छातीत जळजळतंय, पित्त झालंय म्हणून तिने सोडा घेतला, मजुरांच्या भाकरी केल्या आणि दुपारी मला सांगितलं. मिरजेला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. आता एको चांगला आहे, काळजी नाही म्हणतात. पण घरी आल्यापासून ती गप्प असते. पहाटे तीनला उठून बसते. जेवण निम्म्यावर आलंय. भिशीला जात नाही, टीव्हीसमोर बसली तरी बघत नाही. गोळ्या घेतल्या का विचारलं तर घेतल्या म्हणते, पण परवा बघितलं तर पाकिटात बऱ्याच शिल्लक होत्या. “मी असले काय, नसले काय” असं दोनदा म्हणाली. तसं बघितलं तर दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली तेव्हापासूनच ती कमी बोलायची. त्या वेळी माल काढायचा हंगाम होता, म्हणून दहावा झाला की लगेच परत आली होती. पाळीही त्याच सुमारास गेली. माझी बहीण म्हणते पाळी गेल्यावर असं होतंच. मुलगा म्हणतो हार्टच्या गोळ्यांमुळे होतंय. गावातल्या डॉक्टरांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या म्हणून सांगितलं. पण लोक काय म्हणतील, आणि त्या गोळ्यांनी हार्टला काही झालं तर? तिला काय कमी आहे तेच मला कळत नाही.’

भाऊ,

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते. पण दोन कामं आजच्या आज करायची आहेत, ती आधी सांगते. बाकीचं रात्री सावकाश वाचलंत तरी चालेल.

पहिलं काम गोळ्यांचं. स्टेंट टाकल्यानंतर साधारण वर्षभर रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या देतात, त्यातली एक बहुतेक अ‍ॅस्पिरिन असते. या गोळ्या मध्येच सुटल्या तर स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते, आणि तो झटका पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. आज पाकीट घेऊन बसा, किती शिल्लक आहेत ते मोजा आणि ज्यांनी स्टेंट टाकला त्या डॉक्टरांना फोन करून खरा आकडा सांगा. राहिलेल्या गोळ्या एकदम देऊन भरपाई करू नका. उद्यापासून गोळी तुमच्या हाताने, पाण्याच्या तांब्यासकट. उपवासाच्या दिवशीही. आपल्याकडच्या कितीतरी बायका उपवास आहे म्हणून गोळी चुकवतात, आणि घरात ते कुणाला कळतही नाही.

दुसरं काम फवारणीच्या औषधांचं. ‘मी असले काय, नसले काय’ हे वाक्य तुम्ही पत्रात लिहिलंत, म्हणजे ते तुम्हाला खटकलेलं आहे. मलाही खटकलं. बागायतदाराच्या घरात कीटकनाशकं हाताशी असतात. आजच ती सगळी शेडमध्ये कुलपात टाका आणि किल्ली तुमच्या किंवा मुलाच्या खिशात राहू द्या. मग वहिनींना समोर बसवून सरळ विचारा, ‘जीव नकोसा वाटतो का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी भीती पुष्कळांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस हलका होतो. त्या ‘हो’ म्हणाल्या, किंवा काहीच न बोलता रडू लागल्या, तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मध्यरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

आता तुमच्या पत्राकडे येते. पाळी, गोळ्या, गावातले लोक या सगळ्याबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंय. पण मी तीनदा वाचली ती तुम्ही जाता जाता लिहिलेली ओळ: आई गेली तेव्हापासूनच ती कमी बोलायची. म्हणजे हे गप्प होणं पाच महिन्यांचं नाही, दोन वर्षांचं आहे. ते अ‍ॅटॅकच्या आधीपासून घरात होतं.

सगळे म्हणतात, अ‍ॅटॅक आला म्हणून ती खचली. तेही खरंच आहे. अ‍ॅटॅकनंतर पुष्कळ माणसं खचतात, आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त. पण उलट दिशेची वाटही तितकीच खरी आहे. नैराश्य आधी येतं आणि हृदय नंतर आजारी पडतं. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या नव्वद हजारांहून अधिक बायकांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. सुरुवातीला ज्यांना हृदयाचा काहीच त्रास नव्हता पण नैराश्याची लक्षणं होती, त्यांच्यात पुढे हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने झालेले मृत्यू इतर बायकांपेक्षा सुमारे दीडपट होते. बीपी, साखर, वजन, विडी-सिगारेट हे सगळं हिशेबात धरूनही. भारतासह ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. जगभरातल्या बहुतेक हार्ट अ‍ॅटॅकमागे ज्या नऊ गोष्टी त्यात सापडल्या, त्यांच्या यादीत तंबाखू, बीपी आणि मधुमेहाच्या जोडीला मनावरचा ताण आणि नैराश्यही आहे. त्याच अभ्यासात दिसलं की आपल्या भागातल्या लोकांना पहिला अ‍ॅटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो.

मनाचं दुखणं हृदयापर्यंत पोचतं कसं? थोडं रक्तातून, थोडं रोजच्या जगण्यातून. नैराश्यात शरीर सतत धोक्याच्या तयारीत राहतं. ताणाची संप्रेरकं चढलेली असतात, नाडी विश्रांतीतही पुरती निवांत होत नाही, रक्तातल्या गुठळी करणाऱ्या पेशी जास्त चिकट होतात, आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला बारीक सूज राहते. हे महिनोन्महिने चाललं की वाहिन्या खराब होतात. आणि जगणं बघाल तर पहाटे तीनला जाग, चालणं बंद, जेवण अर्धं, बीपी तपासायला कोण जातंय, आणि गोळी घेऊन तरी काय होणार. वहिनींच्या पाकिटातल्या शिल्लक गोळ्यांना विसरभोळेपणा समजू नका, हट्टीपणाही समजू नका. त्या आजाराचंच लक्षण आहेत.

एक विचारते, राग मानू नका. वहिनी मिश्री लावतात का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्या भागात बायकांच्या मिश्रीबद्दल पुरुष बोलत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत. मिश्री म्हणजे तंबाखूच. मन उदास असलं की दिवसातून दोनदाची चारदा होते. लावत असतील तर हृदयाच्या डॉक्टरांना हे कळायला हवं. ओरडून ती सुटत नाही. सोडवायलाही मदत मिळते.

आता तुमच्या बहिणीचं म्हणणं. पाळी गेल्यावर असं होतंच, हे अर्धं बरोबर आहे, म्हणूनच घातक आहे. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. त्या आधीच्या आणि नंतरच्या काही वर्षांत झोप मोडते, अंगातून वाफा येतात, मन लहानसहान गोष्टींनी हलतं, आणि नैराश्य येण्याची शक्यता खरोखर वाढते. याच काळात बायकांचं कोलेस्टेरॉल चढतं, बीपी चढतं, पोटाभोवती चरबी धरते. म्हणजे मन आणि हृदय दोन्ही एकाच वेळी नाजूक होतात. नेमक्या याच वर्षांत घरातली म्हातारी माणसं आजारी पडतात, आईवडील जातात, मुलांची लग्नं निघतात. या वयात डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यायचं, तर आपण ‘होतंच असं’ म्हणून मोकळे होतो. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन रमत नाही, झोप आणि भूक मोडली आहे, मरणाचं बोलणं निघतंय, तर ते पाळीचं नाही. ते नैराश्य आहे आणि त्याला उपचार आहेत. पाळीसाठी म्हणून हार्मोनच्या गोळ्या मात्र कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या बाईला त्या सहसा देत नाहीत.

मुलाचं म्हणणं लगेच निकालात काढते. हृदयाच्या काही गोळ्यांनी थकवा येतो, नाडी मंदावते, हात-पाय जड वाटतात. ते डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतील. पण ‘मी असले काय, नसले काय’ हे थकव्यातून येत नाही. तपासायचंच असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइड कमी पडला की माणूस हुबेहूब असाच गप्प, सुस्त होतो, आणि या वयाच्या बायकांत ते पुष्कळ आढळतं. एका रक्ताच्या तपासणीचं काम आहे.

मानसोपचाराच्या गोळ्यांनी हृदयाला काही होईल का, ही तुमची भीती अगदीच निराधार नाही. नैराश्यावरच्या काही जुन्या पद्धतीच्या गोळ्या हृदयाच्या रुग्णांना देत नाहीत. त्यांनी ठोक्यांची लय बिघडू शकते. पण आता वेगळी औषधं आहेत. त्यातल्या सर्ट्रालिन नावाच्या गोळीची तपासणी मुद्दाम अशाच रुग्णांवर झाली. नुकताच अ‍ॅटॅक येऊन गेलेले किंवा त्याच्या उंबरठ्यावरून परत आलेले आणि नैराश्यात असलेले ३६९ जण त्यात होते. २००२ मध्ये निष्कर्ष आले, की गोळी हृदयाला सुरक्षित ठरली. वहिनींना कोणती गोळी द्यायची ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त एक करायचं. हृदयाची फाइल आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं मानसोपचाराच्या डॉक्टरांसमोर ठेवायची, आणि त्यांची चिठ्ठी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायची. गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांबरोबर या नव्या गोळ्या घेताना रक्तस्राव होण्याची शक्यता थोडी वाढते. हिरड्यांतून रक्त आलं किंवा शौचाला काळं झालं तर लगेच सांगायचं.

या गोळ्यांची नशा नसते. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळेल, थोडं अस्वस्थ वाटेल, आणि तेव्हाच पुष्कळ घरांत ‘सोसत नाही’ म्हणून गोळी बंद होते. तेवढे दिवस धीर धरा. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. नुसत्या गोळ्यांनीच भागतं असंही नाही, समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो. वहिनींना कुणापाशी तरी आईबद्दल पोटभर बोलायला मिळालं पाहिजे, असं मला फार वाटतं.

उपचार घेतले तर पुढचा अ‍ॅटॅक टळेल का? जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगते. अमेरिकेत जवळजवळ अडीच हजार रुग्णांवर समुपदेशनाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. माणसांचं नैराश्य कमी झालं, पण मृत्यू आणि नवे अ‍ॅटॅक कमी झाले नाहीत. पुढे दक्षिण कोरियात ३०० रुग्णांना एकतर नैराश्याची गोळी किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी सहा महिने दिली आणि नंतर अनेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१८ मध्ये त्यांनी सांगितलं, की खरी गोळी घेतलेल्यांना हृदयाचे गंभीर प्रसंग कमी आले. म्हणजे आशा आहे, हमी नाही. पण समजा हृदयाला काडीचाही फायदा झाला नाही, तरी जी बाई दोन वर्षं गप्प आहे आणि आता पहाटे तीनला उठून अंधारात बसते तिला झोप लागावी, जेवण गोड लागावं, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

आणि उपचार न करण्याची किंमत ठाऊक आहे. १९९३ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातल्या २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे अ‍ॅटॅकमधून वाचून घरी गेलेले. त्यांच्यातल्या नैराश्य असलेल्यांचा सहा महिन्यांत मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या चौपटीच्या आसपास निघाला. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने, अ‍ॅटॅकनंतरचं नैराश्य हा बीपी-मधुमेहासारखाच धोक्याचा घटक मानावा, अशी शिफारस केली.

माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई तपासायला यायच्या. वय अठ्ठेचाळीस. अ‍ॅटॅक येऊन गेलेला, रिपोर्ट उत्तम. मी कागद बघून खूश. त्या म्हणाल्या, ‘झोप लागत नाही हो, कशात जीव रमत नाही.’ मी झोपेची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, ‘आता ठणठणीत आहात, देवाचे आभार माना.’ त्यांनी मान हलवली. पुढच्या तपासणीला त्या आल्याच नाहीत. घरच्यांनी नंतर सांगितलं, की हृदयाच्या गोळ्या त्यांनी दीड महिना घेतल्याच नव्हत्या. मी कागद तपासला होता, माणूस तपासला नव्हता. म्हणून तुमच्या गावातल्या ज्या डॉक्टरांनी तुम्हाला मानसोपचाराकडे जायला सांगितलं, त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. त्यांनी बघितलं. त्यांचं ऐका.

लोक काय म्हणतील? काही म्हणतीलच. त्यांना सांगा, हार्टच्या उपचाराचाच भाग आहे. त्यात तसूभरही खोटं नाही. सांगली-मिरजेत मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, आणि खर्चाचा प्रश्न असेल तर सिव्हिलमध्ये विचारा. वहिनींना तिथे न्यायचं म्हणजे त्यांना वेडी ठरवायचं नाही, हे आधी तुम्हाला स्वतःला पटलं पाहिजे. तुमच्या चेहऱ्यावर लाज दिसली तर त्या गाडीतच बसणार नाहीत.

आणि ‘तिला काय कमी आहे’ हे वाक्य. तुम्ही ते काळजीपोटी लिहिलंत, मला कळतं. पण घरात हे म्हणत असाल तर आजपासून बंद करा. ऐकणाऱ्या बाईला ते असं ऐकू येतं, की सगळं असूनही मी रडते, म्हणजे दोष माझाच. ‘मन रमव’, ‘देवाचं नाव घे’, ‘मुलांकडे बघ’ हेही नको. त्याऐवजी म्हणा, ‘तू दोन वर्षं गप्प आहेस, मला दिसत होतं, मी विचारलं नाही. आता विचारतो.’ आणि मग थांबा. त्या काही बोलल्या नाहीत तरी उठून जाऊ नका.

छातीत जळजळत असताना त्यांनी आधी मजुरांच्या भाकरी केल्या, मग तुम्हाला सांगितलं. याचा मी बराच वेळ विचार करत राहिले. बायकांच्या अ‍ॅटॅकमध्ये छातीतली कळ असतेच असं नाही. जबडा, पाठ, दोन्ही खांदे दुखतात, दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, म्हणून पित्तावर जातं. पण वहिनींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असणार. आपलं दुखणं सांगण्याइतकं महत्त्वाचं आहे असं त्यांना वाटलंच नसणार. पुन्हा असं काही झालं तर सोडा नाही, लिंबूपाणी नाही, थेट १०८. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कामाला येणाऱ्या बायकांनासुद्धा.

मजुरांच्या भाकरी आता कोण करतं? पत्रात ते आलेलं नाही. अजूनही वहिनीच करत असतील तर दुसरी सोय करा. पण त्यांना सगळ्याच कामातून काढून कोपऱ्यात बसवूही नका. ‘तू काही करू नकोस’ हे ऐकून बाईला आपण निरुपयोगी झालो असं वाटतं. त्यांना काय करायला आवडेल ते विचारा. डॉक्टरांना विचारून संध्याकाळचं चालणं सुरू करा. दहा मिनिटांपासून, हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. तुम्ही बरोबर चला. बांधावरून चाललात तरी चालेल, फक्त त्या वेळी बागेचा हिशेब काढू नका. चालण्याने हृदयाला फायदा होतो, आणि नैराश्य कमी व्हायलाही मदत होते. आणखी एक, नवरा-बायकोच्या जवळिकीची अशा घरांत दोघांनाही भीती बसते आणि दोघंही बोलत नाहीत. दोन जिने चढून दम लागत नसेल, छातीत दुखत नसेल, तर सहसा अडचण नसते. डॉक्टरांना विचारायला लाजू नका. अंतर पडलं की ‘मी आता कुणाला नको’ हे त्यांचं वाटणं आणखी घट्ट होतं.

तपासणीला जाल तेव्हा एका कागदावर चार ओळी लिहून न्या: झोप किती वाजता मोडते, जेवण किती, गोळ्या किती चुकल्या, आणि ते वाक्य जसंच्या तसं. डॉक्टरांच्या खोलीत पाच मिनिटं मिळतात आणि तिथे वहिनी ‘बरी आहे’ म्हणतील. कागद तुम्ही पुढे करायचा.

औषधं सुरू होऊन डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, की फळछाटणीच्या आधी त्यांना माहेरी घेऊन जा. दहावा झाल्या झाल्या त्या हंगामासाठी परत आल्या होत्या, आणि त्यानंतर तिथे पोटभर राहिल्या असतील असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. चार दिवस राहू द्या, आठ दिवस राहू द्या. गोळ्यांचा डबा भरून त्यांच्या भावजयीच्या हातात द्या. परत कधी येणार ते विचारू नका.